उलटा धबधबा आणि बाबांचा उजवा पाय

आमच्या घरात कुणी खोटं बोललं तर त्याला खोटारडा म्हणत नाहीत. 'उलटा धबधबा' म्हणतात. शाळेत असताना पोट दुखतंय म्हणून मी पडून राहिले, की आई दारातूनच विचारायची, "खरंच दुखतंय की उलटा धबधबा?" प्लंबर फोनवर 'उद्या सकाळी नक्की' म्हणाला, की बाबा फोन ठेवून आईला सांगायचे, "उलटा धबधबा. बादली काढ."

हा शब्द आमच्या घराला काकाने दिला. काका म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. धंद्याने पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवायचा, आणि उरलेल्या रंगात स्वतःची शिडाची होडी रंगवायचा. त्यामुळे होडी दर वर्षी वेगळ्या रंगाची असे आणि कधीही एका रंगाची नसे. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "होडीत एकच पलंग आहे." वारे चांगले सुटले की दुकानाला कुलूप लावून तो एकटाच किनाऱ्याकिनाऱ्याने शेवटच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. परत आला की काळा कुळकुळीत झालेला असायचा आणि जेवायला आमच्याकडे यायचा. आणि ताट समोर आलं की सुरू व्हायचा.

"शेवटच्या टोकाला वळसा घातला ना, की एक उंच कडा आहे. त्यावरून धबधबा सरळ समुद्रात पडतो. पण वारा समुद्रावरून आला की पडत नाही. खाली यायला निघतो आणि अर्ध्या वाटेत विचार बदलून परत वर जातो."

"तुझ्यासारखाच दिसतोय," बाबा म्हणायचे. "फोटो?"

पहिल्या वर्षी कॅमेरा समुद्रात पडला होता. दुसऱ्या वर्षी फोटो आला, पण त्यात काकाचा अंगठा होता आणि अंगठ्यामागे ढग होता. त्यानंतर काकाने फोटो काढणंच सोडलं. त्याचं म्हणणं असं, की फोटोत पाणी हलत नाही, मग ते खाली चाललंय की वर, हे सिद्ध कसं होणार? काकाच्या थापा अशाच असायच्या, आतून पक्क्या.

"मग तू स्वतः चल की, बारक्या," काका म्हणायचा. बारक्या म्हणजे बाबा. बाबांचा आकार दोन दारांच्या कपाटाएवढा आहे, पण धाकटं असणं वजनावर नसतं.

"पुढच्या वर्षी," बाबा म्हणायचे.

दर वर्षी हेच.

आता बाबांच्या उजव्या पायाबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. बाबांचं सगळं आयुष्य त्या सीटवर गेलं. लोक गाडी चालवतात, बाबा गाडी थांबवतात. त्यांचा उजवा पाय इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर पडत आला, की आता तो बाबांना विचारत नाही. सिनेमात नायक कड्याच्या दिशेने धावला की पुढच्या खुर्चीला लाथ बसते. आईने आमटीत मीठ जरा जास्त टाकलं तर स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले बाबा फरशी दाबतात. दिवाणखान्यातल्या सतरंजीला त्यांच्या खुर्चीसमोर एक भोक आहे, बरोबर टाचेएवढं. आई त्याला ठिगळ लावते आणि ते परत पडतं. माझ्या ताईचं लग्न मोडलं तेव्हा बाबांनी स्वतः मोडलं नव्हतं, पण मुलाकडचे बोलत असताना टेबलाखालून जो आवाज आला त्याचा परिणाम झालाच. पुढे कळलं की तो मुलगा खरोखरच वाईट होता. त्यामुळे पायाचा आत्मविश्वास वाढला.

मी बाबांना अहो-जाहो करते आणि काकाला अरे-तुरे. कारण सरळ आहे. बाबांकडे ब्रेक आहे.

काकाचे डोळे बिघडलेत हे आम्हाला पाट्यांवरून कळलं. त्याची अक्षरं मोठी व्हायला लागली. आधी आम्हाला वाटलं, फॅशन असेल. मग एका न्हाव्याच्या दुकानाची पाटी शेजारच्या चपलांच्या दुकानावर गेली आणि एका दाताच्या डॉक्टरचं आडनाव कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत संपलं. डॉक्टर तक्रार घेऊन आला, तेव्हा काका म्हणाला, "आता दोन्ही रस्त्यांवरून पेशंट येतील." खरं म्हणजे आलेही. पण काकाने ब्रश धुऊन ठेवले.

त्या रात्री तो जेवायला आला आणि धबधब्याचं नाव काढलं नाही. ताटातली भाजी चाचपडत म्हणाला, "नजरेच्या मधोमध धूर बसलाय. कडेकडेने दिसतं. बारक्या, तुझे कान दिसतात, नाक गेलं. डॉक्टर म्हणतात धूर वाढणार. औषध नाही."

आईने त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली, आमच्याकडे सगळ्या आजारांवर तीच देतात.

"यंदा येतोस?" काकाने विचारलं.

"पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले. सवयीने. म्हणून झाल्यावर टेबलाखाली पाय आपटल्याचा आवाज आला, पण शब्द निघून गेले होते. शब्दांना दुसरा ब्रेक नसतो.

"पुढच्या वर्षी मी येईन रे," काका म्हणाला, "डोळे येणार नाहीत. हे बघ, इतकी वर्षं मला थापाड्या म्हणालास. पोरींच्या तोंडात माझ्या थापेची म्हण झाली. माझं काही म्हणणं नाही. फक्त ते पाणी वर जाताना बघून तुझं तोंड कसं होतं, ते एकदा मला बघायचंय. समोर बसवून. मग खुशाल धूर येऊ दे."

"अहो, जा ना," आई म्हणाली. "स्कूल मी बघते."

"तूही चल मग."

"मला बादलीत पाणी हललं तरी मळमळतं."

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही येणार. पंच म्हणून. उगाच उद्या हा म्हणेल वर गेलं आणि मी म्हणेन खाली."

अशी मी पंच झाले.

*

होडी धक्क्याला बांधलेली होती. यंदाचा रंग न्हाव्याच्या दुकानाचा निळा आणि चपलांच्या दुकानाचा पिवळा. मागच्या बाजूला काकाने मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, 'अंतर ठेवा'. समुद्रात त्याच्या मागे कधीच कुणी नसायचं, पण पाटी काळजीपूर्वक काढलेली होती.

बाबा आत उतरले तशी होडी एका बाजूला कलली. काका म्हणाला, "माझ्या समोरच्या बाजूला बस, नाहीतर तुझ्या बाजूनेच गोल फिरत राहू." मागच्या भागात बसायला एक खळगा होता. एका बाजूला सुकाणू धरून काका, दुसऱ्या बाजूला बाबा. बाबांनी बसता बसता पायाशी बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे! हा आपला!"

पायाशी गाडीचा ब्रेक होता. खराखुरा, रबर झिजलेला. आमची पहिली शिकवणीची गाडी भंगारात गेली तेव्हा बाबांनी तिच्यातला शेजारचा ब्रेक काढून घेतला होता. कामाच्या वस्तूची माया. तो वर्षभर आईच्या भांड्यांत राहिला. मग आईने तो काकाला देऊन टाकला. काकाने त्याचं सोनं केलं. होडीच्या मागे एक नांगर टांगलेला असायचा, त्याची कडी सोडायला दोन्ही हात लागायचे, आणि एकट्या माणसाचे दोन्ही हात आधीच कामात असतात. म्हणून काकाने ब्रेकला तार जोडली होती. पाय दाबला की कडी सुटायची, नांगर धाडकन पाण्यात आणि होडी जागच्या जागी.

"हात लावू नकोस," काका म्हणाला.

"हात नाही लावत."

"पायच म्हणतोय मी."

बाबांनी बूट काढला, उजवा पाय उचलला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसले. जवळजवळ पूर्ण प्रवास ते तसेच बसले होते. माझ्या वडिलांनी माझ्या समोर केलेला हा सगळ्यात मोठा त्याग आहे.

धक्का सोडला. पहिल्याच वळणावर बाबा ओरडले, "आरसा!"

"कसला आरसा?"

"मागे न बघता वळतोस?"

त्यांनी पिशवीतून शिकवणीच्या गाडीचा जादा आरसा काढला आणि डोलकाठीला चिकटवला. त्यात दिवसभर समुद्र दिसायचा. वळताना बाबा हात बाहेर काढून इशारा द्यायचे. एकदा एका पक्ष्याने तो इशारा मानून खरोखर बाजूने जागा दिली. बाबा खूश झाले. "शहरात हे कुणी करत नाही," म्हणाले.

आणि तो किनारा! मला वाटायचं किनारा म्हणजे वाळू, आणि वाळूच्या मागे हॉटेल. इथे सकाळी लाल मातीचे कडे होते, कुणी सुरीने केक कापावा तसे. दुपारी ते संपून पांढरी टेकाडं लागली, आणि वाऱ्याने त्यांचे माथे धूर निघावा तसे उडत होते. मग जंगल आलं. ते इतकं पाण्याशी आलं होतं की पुढची झाडं पाण्यात पडली होती आणि मागची वाट बघत होती. मग चिखलाची खाडी, तिच्यात एका पायावर उभे असलेले शेकडो पक्षी. बाबा त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत राहिले.

"दादा," बाबा मध्येच म्हणाले, "हे सगळं दर वर्षी असतं?"

"नाही. तू येणार म्हणून मांडून घेतलं."

"मी आधी यायला हवं होतं रे."

"मी तेच म्हणत होतो बहुतेक. नीट आठवत नाही, दर वर्षीच म्हणायचो."

संध्याकाळी एका शांत वळणाला आम्ही थांबायचो. काका दिमाखात ब्रेक दाबायचा. खट् आवाज व्हायचा, नांगर पडायचा, आणि बाबांच्या घशातून एक आवाज यायचा. मला वाटतं तो हेवा होता.

चहाच्या वेळी मला पहिल्यांदा शंका आली. काकाने किटलीतून चहा ओतला, एकदम सफाईने, आणि तो कपाच्या शेजारी ओतला. बाबांनीही बघितलं. त्यांनी कप हळूच धारेखाली सरकवला. काका म्हणाला, "कप फार हलतात होडीत." आम्ही दोघांनी मान डोलावली.

त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. काका मला पुढे बसवून सारखं विचारायचा, "लाल कडा संपला का गं?" "डावीकडे पडका दीपस्तंभ आला?" मला वाटायचं माझी परीक्षा चाललीय. परीक्षा नव्हती. तो पाठ केलेला रस्ता म्हणत होता आणि मी त्याला मधूनमधून ओळ देत होते.

बाबांनी एकदा शेवटी विचारलंच. "दादा, खरं सांग. समोरचं किती दिसतं?"

"समोर सोडून सगळं दिसतं."

"आणि तू सुकाणू धरून बसलायस."

"समुद्रात समोर असतं काय?"

बाबांनी मांडीखालचा पाय आणखी आत दाबला. त्यांचा चेहरा मी ओळखते. नवा विद्यार्थी चौकात शिरताना 'काय करायचं ते माहितीये मला, सर' म्हणतो, तेव्हाचा तो चेहरा.

*

शेवटचं टोक आलं त्या दिवशी समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता. काका सकाळपासून गुणगुणत होता. त्याने दाढी केली होती, आणि कडेने दिसत असल्यामुळे ती कडेकडेने चांगली झाली होती.

"आज वर जाणार," तो म्हणाला. "आज नाही गेलं तर मला थापाड्या म्हणा, मी स्वतः पाटी रंगवून देतो."

टोक म्हणजे काळ्या दगडाचा एक प्रचंड डोंगर होता, पाण्यात नाक खुपसून बसलेला. त्याच्यापासून जरा दूर पाण्यातून एक सुळका वर आला होता. काका त्याला 'दाढ' म्हणायचा. दाढेच्या बाहेरून गेलं तर प्रवाह होडीला भर समुद्रात ढकलून देतो, म्हणून जायचं ते आतून, दाढ आणि डोंगर यांच्या मधून. आत शिरलं की लगेच वळण, आणि वळणाच्या पलीकडे धबधबा.

मी पुढे बसले होते. लाटा दाढेवर फुटत होत्या, पांढरा फेस आमच्यापर्यंत येत होता. मधली जागा मला दिसत होती. ती जागा मोठी होती की लहान, हे मी पंच म्हणूनही सांगू शकत नाही. डोंगर एवढा असला की त्याच्या शेजारचं सगळंच लहान दिसतं.

"दाढ उजवीकडे आली?" मागून काकाने ओरडून विचारलं.

"आली!"

"छान. बारक्या, पाय?"

"मांडीखाली."

"तिथेच ठेव. फार जवळून जाणार आपण. घाबरू नकोस, आणि आता माझ्याकडे बघू नकोस, पुढे बघ. वळलो की एकदम दिसेल. मी तुझ्याकडे बघणारे."

आणि त्याने खरोखरच मान तिरकी केली. समोर बघितलं तर त्याला बाबांचं नाक दिसलं नसतं, म्हणून तो तिरका बघत होता, डोळ्यांच्या कडेने, बाबांच्या तोंडाकडे. म्हणजे डोंगराकडे, दाढेकडे, कशाकडेच तो बघत नव्हता. सुकाणू हातात होतं आणि नजर भावावर.

बाबांनी डोंगर बघितला. मग दाढ बघितली. मग तोंड वळवून आपल्याकडेच बघत बसलेला, अर्धा आंधळा ड्रायव्हर बघितला.

मी शपथेवर सांगते, बाबांनी ठरवलं नव्हतं. ते पुढे बघत होते, काकाने सांगितलं होतं तसं. पण पाय कधी मांडीखालून निसटला ते त्यांनाही कळलं नाही. इतके दिवस दबून बधिर झालेला पाय, ज्याला स्वतःची बोटं कळत नव्हती, त्याला तो ब्रेक अंधारातही सापडला असता.

खट्.

नांगर पडला. दोर सरसर सुटत गेला, ताठ झाला, आणि होडी अशी थांबली की मी पुढच्या कठड्याला मिठी मारून समुद्राला नमस्कार केला. मग होडीचं ढुंगण वळलं, 'अंतर ठेवा' सकट दाढेच्या पायथ्याच्या खडकावर आपटलं, आणि सुकाणू मोडल्याचा आवाज आला. कोरड्या फांदीसारखा आवाज. काकाच्या हातात दांडा राहिला. बाकीचं सुकाणू आमच्या देखत वळणापलीकडे वाहत गेलं. आमच्यापैकी तिथे पोचणारं ते एकटंच.

गाडी चौकात बंद पाडल्यावर मुलं जशी बघतात, तसे बाबा काकाकडे बघत होते.

"जागा होती?" बाबांनी विचारलं.

काकाने शीड उतरवलं. दोर गुंडाळला. मग म्हणाला, "नांगर मात्र छान टाकलास."

थोड्या वेळाने एक मासेमारीची होडी आली. तिच्यावरच्या कोळ्याने आम्हाला दोर टाकला, आम्हाला खडकांतून सोडवलं. त्याचं बंदर आम्ही आलो त्या बाजूला होतं, म्हणून आम्हाला ओढत तिकडेच घेऊन निघाला. बाबांनी त्याला विनवलं, "एवढा वळसा घालून दाखवा ना, फक्त मिनिटभर." पण तुटकी होडी मागे बांधून त्या वाऱ्यात तिकडे जायला तो तयार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

"पण तुम्ही मध्येच थांबलात कशाला?" कोळ्याने विचारलं.

"जागा अरुंद वाटली," बाबा म्हणाले.

"तिथे?" त्याने मागे वळून बघितलं. त्याला वाटलं आपण चुकीची जागा बघतोय. "तिथून आम्ही दोन होड्या शेजारी शेजारी नेतो. गप्पा मारत."

डोलकाठीवरच्या आरशात ते टोक लहान लहान होत चाललं होतं. बाबा त्यात बघत बसले.

*

नवं सुकाणू बसेपर्यंत वाऱ्यांचे दिवस संपले, आणि पुढचे वारे येईपर्यंत धूर पसरला. काकाने होडी कोळ्याला देऊन टाकली. जाताना कोळ्याने विचारलं, मागची पाटी खोडू का? काका म्हणाला, "राहू दे. तुझ्यामागे गप्पा मारत येणारे असतात."

काका बाबांना कधीही काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दर रविवारी जेवायला यायचा, भाजीची स्तुती करायचा, आणि बाबा 'दादा, त्या दिवशी...' म्हणाले की म्हणायचा, "मीठ पुढे कर." मीठ त्याच्यासमोरच असायचं.

बाबांवर परिणाम वेगळ्या बाजूने झाला. त्यांच्या पायाने राजीनामा दिला. ते शिकवणीच्या गाडीत मांडी घालून बसू लागले. कुणी चुकलं तरी ब्रेक नाही. एका कॉलेजच्या मुलीने गाडी सरळ चौकातल्या बागेत घातली, झेंडूच्या वाफ्यातून नेली आणि पलीकडे काढली. ती रडत म्हणाली, "सर, तुम्ही थांबवलं का नाही?" बाबा म्हणाले, "मला वाटलं, जागा असेल."

आईने हे ऐकलं तेव्हा तिने पोळपाट बाजूला ठेवला. "अहो, तुम्हाला माणसं मारायचीत का? ते टोक काय पाण्यावर तरंगतं? जमिनीला जोडलेलंच असेल ना? मग रस्ता नसेल?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. आमच्यात कुणालाच हे सुचलं नव्हतं. रस्त्यांवर पोट भरणारं घर.

रस्ता होता. वाटेतल्या त्या पडक्या दीपस्तंभाच्या लोकांसाठी कधीकाळी केलेला, खड्ड्यांचा, पण पार टोकापर्यंत होता. जोराचा वारा सुटल्याची बातमी आली त्या दिवशी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. बाबा मागे बसले. त्यांच्या हट्टाने काका पुढे, शिकवणाऱ्याच्या सीटवर. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती, काकानेच कधीकाळी रंगवलेली, अक्षरं अजून लहान होती तेव्हाची.

वर पोचलो. सपाट माळ, गवत वाऱ्याने झोपलेलं, आणि त्यातून वाहत जाणारा एक ओढा. अगदी साधा, उडी मारून ओलांडता येईल असा. तो कड्याशी जाऊन नाहीसा होत होता. आभाळ स्वच्छ होतं, ऊन होतं, आणि गाडीच्या काचेवर पाऊस पडत होता. मी वायपर लावला.

आम्ही उतरलो. मी आणि बाबांनी काकाला दोन्ही हातांना धरून कड्याच्या जवळ नेलं. अंगावर पाणी येत होतं, पण वरून नाही. समोरून. कड्याच्या खालून पाणी उसळून वर यायचं, आमच्या डोक्यांवरून मागे जायचं आणि माळावर पडून परत ओढ्याला मिळायचं. ओढा तेच पाणी पुन्हा कड्याकडे नेत होता. इतका चिवट ओढा मी बघितलेला नाही.

"वर येतंय?" काकाने विचारलं.

"वर येतंय, दादा."

"दिसतंय तुला?"

बाबांनी खाली वाकून बघितलं. काका म्हणायचा तो कडा, मध्येच वळणारी ती धार, यातलं काही वरून दिसत नव्हतं. ते समुद्रातूनच दिसतं. वरून फक्त भिजायला होतं.

"धबधबा नाही दिसत रे," बाबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू. आपण त्याच्या डोक्यावर उभे आहोत. पण पाणी वर येतंय. डोळ्यांत जातंय माझ्या."

"तोंड कसं झालंय तुझं?"

काकाने मान तिरकी केली, डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. आता कडेलाही काही उरलं नव्हतं.

"पंच," काका म्हणाला, "तू सांग. उघडं आहे का?"

"उघडं आहे," मी म्हणाले.

"किती?"

"शेवटची दाढ दिसतेय."

"भिजलंय?"

"सगळं."

"ते पाण्याने," बाबा म्हणाले.

"हो, पाण्यानेच," काका म्हणाला. त्याने थोडा वेळ तसंच तोंड बाबांच्या दिशेने धरून ठेवलं, मोडलेलं सुकाणू धरलं होतं तसं. मग म्हणाला, "चला. गार वाटतंय."

परतीला उतार होता. मी हळू चालवत होते. आरशात बाबा दिसत होते, मागच्या सीटवर, दोन्ही पाय वर घेऊन बसलेले. एका सरळ, मोकळ्या जागी गाडी एकदम गचकन थांबली. पुढे काहीच नव्हतं. ना माणूस, ना जनावर, ना वळण. काकाचा पाय ब्रेकवर होता.

"काका, काय झालं?"

"काही नाही. बघत होतो, कसं वाटतं."

मी आरशात बघितलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"वाईट वाटतं," काका म्हणाला, आणि पाय काढला नाही.

मागून कुणी आलं नाही. इंजिन चालू होतं, काचेवर कधीचाच पाऊस नव्हता, आणि वायपर बंद करायचं मी विसरले होते.

"राहू दे, दादा," बाबा मागून म्हणाले. "हवा तेवढा दाबून ठेव. आम्हाला घाई नाही."